झाकणामागचा मजकूर

कॅलिफोर्नियातल्या जुन्या अपार्टमेंटमध्ये दिवाणखान्याच्या भिंतीत एक उंच, चपटा, पत्र्याचा गॅस हीटर बसवलेला असतो. त्याचं खालचं झाकण काढलं की आत व्हॉल्व्ह दिसतो, आणि जवळच बारीक टाइपातला एक मजकूर चिकटवलेला असतो. विझलेला पायलट, म्हणजे हीटरमधली सतत जळती ठेवायची बारीक ज्योत, पुन्हा कसा पेटवायचा, याच्या त्या सूचना. सनीव्हेल-फ्रीमाँटकडे भाड्याने राहणाऱ्या मराठी घरांतही तो असतो आणि पहिली थंडी पडून हीटर ढिम्म बसेपर्यंत त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मला तो इंग्रजी सूचना-वाङ्मयातला अव्वल नमुना वाटतो. त्याला नाव घेण्याजोगा लेखक नाही. तिथल्या गॅस उपकरणांच्या राष्ट्रीय मानकांनी तो ठरवून दिलेला, त्यामुळे कंपनी कुठलीही असली तरी शब्द जवळपास तेच. समितीने लिहिलेलं गद्य सहसा वाचवत नाही. हे वाचवतं, कारण यात कोणतं वाक्य कशाच्या आधी येतं यालाच सगळं मोल आहे.

पेटवण्याच्या सूचना म्हणायच्या, आणि अर्धा मजकूर संपला तरी काडी ओढायचं नाव नाही. सुरुवातीला आग, स्फोट, जीवितहानी यांचा इशारा. मग हा पायलट हाताने पेटवावा लागतो एवढी माहिती. त्यानंतर थेट हुकूम: वास घ्या. हीटरच्या आजूबाजूला घ्या, आणि जमिनीलगतही घ्या, कारण काही गॅस हवेपेक्षा जड असतात आणि तळाशी साचतात. यातलं ‘काही’ फार विचारपूर्वक आलंय. शहरात पाइपातून येणारा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, वर जाणारा. गावाबाहेरच्या घरांत टाकीतून येणारा प्रोपेन हवेच्या दीडपट जड. हीटर दोन्हींवर चालणारे मिळतात. आपल्याकडे कोणता गॅस येतो हे भाडेकरूला ठाऊक असेलच, असं मजकूर धरून चालत नाही. तो त्याला सरळ गुडघ्यांवर बसवून नाक फरशीशी न्यायला लावतो. मुंबईत सिलिंडरवरून पाइपाच्या गॅसवर गेलेल्या घरांनाही हा फरक लक्षात ठेवायला हरकत नाही. सिलिंडरचा गॅस ओट्याखाली साचतो, पाइपाचा छताकडे जातो.

वास घेण्याच्या या हुकुमामागे एक मोठं दुःखही आहे. मिथेनला स्वतःचा वास नसतो. 18 मार्च 1937 रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत तळघराच्या पोकळीत साचलेल्या बिनवासाच्या गॅसचा स्फोट झाला आणि सुमारे तीनशे मुलं व शिक्षक गेले. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये उग्र वासाचं द्रव्य मिसळणं सक्तीचं केलं आणि ती पद्धत सगळीकडे रुळली. ‘वास घ्या’ असं सांगता येतं ते त्यामुळे. माझी तक्रार एवढीच की मजकूर वाचणाऱ्याचं नाक शाबूत आहे असं गृहीत धरतो. सर्दी झालेल्या माणसाला, वय झालेल्याला, किंवा बराच वेळ त्याच खोलीत बसून वासाला सरावलेल्याला ही परीक्षा घेता येत नाही. अशा वेळी बाहेरून आलेल्या दुसऱ्या कोणाचं तरी नाक हवं.

वास आलाच तर? काहीही पेटवू नका, कुठल्याही विजेच्या बटणाला हात लावू नका, घरातला फोन वापरू नका; शेजाऱ्याच्या फोनवरून गॅस कंपनीला कळवा, ती मिळाली नाही तर अग्निशमन दलाला. बटण चालू करू नका असं नाही, हातच लावू नका. दिवा बंद करतानाही ठिणगी पडू शकते, आणि मिथेन हवेत पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान असला की तेवढी ठिणगी पुरते. शेजाऱ्याचा फोन हा तारेच्या फोनच्या काळातला अवशेष. आज तो बदलून ‘बाहेर जाऊन मोबाइलवरून’ असं करता येईल, पण मला जुनाच तपशील आवडतो. फोन कुठला यापेक्षा पाय आधी घराबाहेर पडले पाहिजेत हे तो न सांगता सांगतो. शेजारी दार उघडेल हा विश्वास मात्र त्या काळाचाच.

मग व्हॉल्व्हवरच्या नॉबबद्दल: दाबायचा, फिरवायचा तो फक्त हाताने. पक्कड नाही, पाना नाही. माणसाच्या बोटांत जेवढा जोर, तेवढीच परवानगी. हाताने हलला नाही तर तिथेच थांबून तंत्रज्ञ बोलवायचा. काही व्हॉल्व्हमध्ये तर थर्मोकपल (पायलटच्या ज्योतीत तापणारी कांडी, तिच्याबद्दल पुढे) निवेपर्यंत नॉब मुद्दाम अडून राहतो. तो बिघडलेला नसतो. पक्कड लावणारा माणूस नेमकी ती सोय मोडून ठेवतो.

एवढं झाल्यावर क्रमांक घातलेल्या पायऱ्या येतात, आणि पहिली पायरी काय? थांबा, वरचं पुन्हा वाचा. इतका बेधडक प्रारंभ मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पुढे थर्मोस्टॅट सगळ्यात खाली आणा, वीजजोडणी असेल तर बंद करा, नॉब ‘ऑफ’वर न्या, आणि पाच मिनिटं थांबा. पाच मिनिटांनी पुन्हा वास घ्या, पुन्हा जमिनीलगत. वास आला तर मागच्या कलमाकडे परत जा. नाही आला तरच पुढे. आत साचलेला गॅस निघून जायला वेळ द्यायचा, एवढाच हेतू. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला हीच पाच मिनिटं खुपतात, आणि नेमकी हीच तो गाळतो.

आता खरी गंमत. नॉब ‘पायलट’वर, आत दाबून धरायचा, लांब काडीने किंवा लायटरने पायलटला ज्योत दाखवायची (लाल बटण असेल तर तेच ठिणगी देतं), आणि पेटल्यावरही साधारण एक मिनिट दाबून ठेवायचं. का, ते मजकूर सांगत नाही. ज्योतीत बोटाएवढी एक धातूची कांडी असते, थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापला की वीज निर्माण होते, हे 1821 साली जर्मनीत झेबेकला दिसलं होतं. इथे ती वीज असते पंचवीस-तीस मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या एका सेलच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास. तेवढ्यावर व्हॉल्व्हमधला विद्युतचुंबक स्प्रिंगविरुद्ध झडप खेचून उघडू शकत नाही. जड दार लोटायची ताकद नसलेलं पोर उघडलेलं दार मात्र पाठ टेकून धरून ठेवतं, तसं ते आहे. लोटण्याचं काम आपल्या अंगठ्याचं. मिनिटभर आपण झडप उघडी धरतो, तोवर कांडी तापते, आणि मग अंगठा काढला तरी चुंबक ती धरून ठेवतो. पुढे कधी ज्योत विझली की कांडी निवते, चुंबकाची पकड सुटते, टक् असा आवाज येऊन गॅस बंद. बऱ्याच वॉल हीटरमध्ये अशा अनेक सांध्यांची जुडी असते. ती पाऊण व्होल्टपर्यंत जाते आणि थर्मोस्टॅटही तिच्यावरच चालतो. म्हणून घरची वीज गेली तरी हे हीटर चालतात.

आणि याच ठिकाणी मजकूर एकदम घाईत येतो. सोडल्यावर नॉब वर उसळला नाही तर थांबा आणि लगेच तंत्रज्ञाला बोलवा, हे ठीक. पण पायलट ‘बऱ्याच प्रयत्नांनंतर’ टिकला नाही तर बंद करून तंत्रज्ञ बोलवा, म्हणजे किती प्रयत्न? पाच मिनिटं मोजून देणारा मजकूर इथे आकडा का टाळतो, ते मला उमगलेलं नाही. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडा गॅस बाहेर पडतो. मी दोनच लिहिले असते, आणि त्या दोहोंमध्ये पुन्हा ती पाच मिनिटं. ज्योत निळी, ताठ आणि कांडीच्या टोकाला वेढणारी नसेल, पिवळी आणि लुळी असेल, तर पायलटच्या बारीक भोकात धूळ किंवा जाळं असणार, नाहीतर थर्मोकपल थकलेला. ते काम आपलं नाही. पीजी अँड ई आणि सोकॅलगॅस या तिथल्या मोठ्या गॅस कंपन्या ग्राहकांचे पायलट फुकट पेटवून देतात, फक्त थंडीच्या तोंडावर रांग लांब असते.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल मात्र यात अवाक्षर नाही. पायलट पेटला, मोठा बर्नर पेटला, आणि धुराडं पक्ष्याच्या घरट्याने तुंबलेलं असलं तर? घरातच साचणारा तो वायू बिनवासाचा. फरशीला नाक लावूनही सापडणार नाही. गॅसची उपकरणं असलेल्या घरांत त्याचा अलार्म कॅलिफोर्नियाने 2010 च्या कायद्याने बंधनकारक केला, पण झाकणामागच्या मजकुराला त्याची खबर नाही. वास घेण्याच्या कलमानंतर, पहिल्या ‘थांबा’च्या आधी, त्या अलार्मचं बटण दाबून बघा असं एक वाक्य सहज बसलं असतं. जागा आहे.