पावणेसात लाख गाड्या विकल्या गेल्या, म्हणजे योजना यशस्वी झाली का?

पेपर वाचताना निष्कर्ष आधी वाचायचा की पद्धत आधी, असं संशोधनाची तयारी करणारे बरेच जण विचारतात. माझं म्हणणं असं की दोन्हींच्या आधी तुलना शोधा. कोणाला कोणाशेजारी उभं करून हा निष्कर्ष काढलाय, हे एका वाक्यात सांगता आलं तरच पेपर कळला असं समजा.

ही सवय लावायला एक विषय फार चांगला आहे. जुनी गाडी द्या, सरकारकडून सवलत घ्या आणि नवी गाडी न्या, अशा योजनांचा. जगात अनेक देशांनी त्या राबवल्या आणि प्रत्येक ठिकाणी वाद झाला. त्यातली सगळ्यात जास्त अभ्यासली गेलेली योजना अमेरिकेची, २००९ ची. लोक तिला 'कॅश फॉर क्लंकर्स' म्हणायचे. क्लंकर म्हणजे खटारा.

योजना काय होती

२००९ च्या एप्रिलअखेर क्रायस्लर आणि १ जूनला जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली होती. गाड्यांचा खप कोसळला होता. जूनमध्ये कायदा झाला. तुमच्या जुन्या गाडीचं सरकारी यादीतलं मायलेज १८ मैल प्रति गॅलन किंवा त्याहून कमी असेल, म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला साधारण ७.७ किलोमीटर, तर ती देऊन जास्त मायलेजच्या नव्या गाडीवर ३,५०० किंवा ४,५०० डॉलर सवलत मिळायची. जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ नये म्हणून इंजिनातलं तेल काढून त्यात सोडियम सिलिकेटचं द्रावण घालायचे आणि इंजिन जॅम होईपर्यंत चालवायचे.

आधी एक अब्ज डॉलरची तरतूद होती. ती इतक्या झपाट्याने संपत आली की आणखी दोन अब्ज द्यावे लागले. २४ ऑगस्टला योजना बंद झाली तेव्हा सुमारे ६ लाख ७७ हजार गाड्यांचे व्यवहार झाले होते आणि २.८५ अब्ज डॉलर खर्च झाले होते. दिलेल्या गाड्यांचं सरासरी मायलेज १५.८, घेतलेल्यांचं २४.९.

समर्थकांनी हेच आकडे पुढे केले. खप वाढला, प्रदूषण घटलं, अजून काय पाहिजे? पण नीट बघा, यात तुलना कुठेच नाही. योजनेत किती जण आले एवढंच हे आकडे सांगतात. योजना नसती तर त्यातले किती जण तसेही शोरूममध्ये गेले असते, हे सांगत नाहीत. याच 'नसती तर' ला काउंटरफॅक्च्युअल म्हणतात. तो कधी डोळ्यांनी दिसत नाही, कुठून तरी उसना आणावा लागतो. तो कुठून आणला यावर पेपरची किंमत ठरते.

तीन पेपर, तीन उसनवाऱ्या

पहिला पेपर आतिफ मियाँ आणि अमीर सूफी यांचा, २०१२ चा. त्यांनी शहरांची शहरांशी तुलना केली. योजनेच्या आधी, २००८ च्या उन्हाळ्यात, ज्या शहरांत खटारा गाड्या जास्त होत्या तिथे योजनेचा परिणाम जास्त दिसायला हवा. तो दिसलाही. दोन महिन्यांत साडेतीन लाखांहून थोड्या जास्त गाड्या योजनेमुळे जादा विकल्या गेल्या. पण मार्च २०१० पर्यंत ही वाढ जवळजवळ पूर्ण पुसली गेली. लोकांनी पुढची खरेदी फक्त अलीकडे ओढली होती.

दुसरा शांजुन ली, जोशुआ लिन आणि एलिशेबा स्पिलर यांचा, २०१३ चा. त्यांनी काउंटरफॅक्च्युअल शेजारच्या कॅनडाकडून घेतला. पद्धत डिफरन्स इन डिफरन्सेस. योजनेच्या आधी आणि योजनेच्या काळात अमेरिकेत काय बदललं, त्यातून कॅनडात त्याच काळात बदललेलं वजा करायचं. उत्तर आलं जादा विक्री सुमारे ३.७ लाख. म्हणजे जवळजवळ ४५ टक्के पैसा तसंही गाडी घेणाऱ्यांच्या खिशात गेला.

तिसरा मार्क होक्स्ट्रा, स्टीव्हन पुलर आणि जेरेमी वेस्ट यांचा, २०१७ चा. शीर्षकाचा अर्थ साधारण असा की कोरोला घेण्यासाठी रोख पैसे, आणि उत्तेजनच खर्च घटवतं तेव्हा. त्यांनी टेक्सासमधली घरं घेतली आणि १८ च्या रेषेवर बोट ठेवलं. १८ मायलेजची गाडी असलेलं घर पात्र, १९ वालं अपात्र. ही दोन घरं बाकी बाबतीत फारशी वेगळी नसणार. ती जुनी गाडी घेताना २००९ मध्ये अशी योजना येईल हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं, आणि सरकारी यादीतलं मायलेज मालकाला बदलता येत नाही. म्हणून रेषेच्या दोन बाजूंना खरेदीत जी उडी दिसते ती योजनेमुळेच, असं मानायला जागा आहे. ही झाली रिग्रेशन डिस्कंटिन्युइटी.

त्यांना काय सापडलं? जवळजवळ ६० टक्के सवलत अशा घरांना गेली जी त्या दोन महिन्यांत तशीही गाडी घेणार होती. उरलेल्यांची खरेदी जास्तीत जास्त आठ महिने अलीकडे आली. आणि गंमत पुढे आहे. मायलेजच्या अटीमुळे लोक लहान, स्वस्त गाड्यांकडे वळले. घेतलेली गाडी सरासरी ५,००० डॉलरने स्वस्त होती. सवलत जास्तीत जास्त ४,५०० ची. दहा महिन्यांचा हिशेब केला तर नव्या गाड्यांवरचा एकूण खर्च घटला. ज्या उद्योगाला हात द्यायचा होता त्याच्याच गल्ल्यात कमी पैसे आले.

मला काय पटतं, काय नाही

तिन्हींमध्ये तिसऱ्याची तुलना मला सगळ्यात भक्कम वाटते. कॅनडाचं बघा. तिथेही मंदी होती, पण अमेरिकेसारखीच होती का? शिवाय जुन्या गाड्या मोडीत काढण्याची एक छोटी योजना तिथेही चालू होती. शहरांच्या तुलनेत वेगळी अडचण आहे. जास्त खटारा असलेलं शहर उत्पन्नाने, गाड्यांच्या प्रकाराने, सगळ्यानेच वेगळं असू शकतं. १८ विरुद्ध १९ मध्ये हे प्रश्न बरेच कमी होतात.

पण भक्कम तुलना म्हणजे प्रत्येक दावा भक्कम, असं नाही. माझे तीन आक्षेप आहेत.

एक, ही तुलना रेषेजवळच्या घरांची आहे. १२ मायलेजचा पिकअप चालवणारा शेतकरी त्या रेषेपासून लांब आहे. त्याने काय केलं असतं हे १८ वाल्यावरून सांगता येत नाही. म्हणून ६० टक्के बरोबर की ४५ टक्के बरोबर, असा वाद घालू नका. एक आकडा टेक्सासमधल्या रेषेजवळच्या घरांचा आहे, दुसरा देशाच्या सरासरीचा.

दोन, मायलेज पूर्णांकात दिलेलं असतं. १८ आणि १९ च्या मध्ये काही नाही. 'रेषेला अगदी चिकटून' म्हणजे इथे एक अख्खा मैल. ही मोठी त्रुटी नाही, पण आलेखात उडी दिसली की लगेच भारावून जायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

तीन, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शीर्षक सांगतं की खर्च घटला. मोजलाय तो नव्या गाड्यांवरचा खर्च. स्वस्त गाडी घेतलेल्या घराने उरलेल्या पैशांचं काय केलं? फर्निचर घेतलं की कर्ज फेडलं? अर्थव्यवस्थेला उत्तेजन मिळालं की नाही याचं पूर्ण उत्तर तिथे आहे. वाहन उद्योगाला मदत म्हणून योजना कमी पडली, हे या पेपरवरून मी मान्य करेन. सगळ्या अर्थव्यवस्थेला मदत म्हणून फसली, हे एवढ्यावरून नाही. मियाँ आणि सूफींनी मात्र रोजगारावर परिणाम शोधला होता आणि त्यांना काही पुरावा मिळाला नाही. दुसरा दावा करायचा तर त्यांचा आधार घ्यावा लागेल.

समर्थकांचा एक मुद्दाही नीट ऐकायला हवा. खरेदी आठ महिने अलीकडे येणं म्हणजे शून्य नव्हे. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत बेरोजगारी १० टक्क्यांवर होती. अशा वेळी आजची विक्री उद्याच्या विक्रीपेक्षा मोलाची असू शकते. पण मग 'पावणेसात लाख गाड्या' हे वाक्य सोडून 'काही लाख गाड्या काही महिने आधी विकल्या गेल्या' असं म्हणावं लागेल. त्यासाठी २.८५ अब्ज द्यायचे का, हा प्रामाणिक वाद होईल.

आणि पर्यावरण?

स्वस्त, लहान गाड्या घेतल्या गेल्या हे पर्यावरणासाठी चांगलंच ना? दिशा बरोबर, किंमत महाग. ली आणि सहकाऱ्यांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडचा एक टन वाचवायला ९२ ते २८८ डॉलर पडले, तेही इतर प्रदूषकांतली घट जमेला धरून. अमेरिकी सरकारने २०१० मध्ये स्वतःच्या धोरणांसाठी टनाच्या नुकसानीची जी मधली किंमत धरली होती, ती होती सुमारे २१ डॉलर.

शिवाय नियमातच एक गणिती गोची होती. मोटारगाडी घेतली आणि मायलेज १० ने वाढलं की ४,५०० डॉलर, ४ ते ९ ने वाढलं की ३,५००. आता वही घ्या. १८ वरून २८ ला गेलात तर १०० मैलांना ५.५६ ऐवजी ३.५७ गॅलन लागतात, बचत जवळजवळ २ गॅलन. १३ वरून २२ ला गेलात तर ७.६९ ऐवजी ४.५५, बचत ३ गॅलनहून जास्त. जास्त इंधन वाचवणाऱ्याला सवलत कमी! मायलेज भागाकारात खाली असतं, म्हणून त्यातली वजाबाकी फसवते. लॅरिक आणि सोल यांनी हा भ्रम २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवला होता, म्हणजे योजनेच्या वर्षभर आधी.

तुम्हाला यावर काम करायचं असेल तर

भारतात २०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याचं धोरण आलं. जुनी गाडी अधिकृत केंद्रात मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र दाखवलं की नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची त्यात तरतूद आहे. इथे लगेच मोह होतो की १५ वर्षांच्या वयाची रेषा धरू आणि होक्स्ट्रांसारखंच करू.

थांबा. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. नूतनीकरण, फिटनेस तपासणी आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर, सगळं त्याच वाढदिवसाला येतं. त्या रेषेवर उडी दिसली तर ती कशामुळे हे सांगता येणार नाही. टेक्सासमध्ये १८ ला फक्त एकच गोष्ट बदलत होती, म्हणून ती रेषा कामाची ठरली.

त्यामुळे प्रस्ताव लिहायला बसण्याआधी एका कागदावर लिहून काढा की तुम्ही निवडलेल्या रेषेवर आणखी काय काय बदलतं. यादीत एकच ओळ निघाली तर गाइडकडे जा. चार निघाल्या तर आधी दुसरी रेषा शोधा.