यंत्रमानव की वेठबिगार?

'रोबोट' हा शब्द आज खेड्यापाड्यांतल्या पोरांच्याही तोंडी आहे. तो आला कुठून, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. चेक नाटककार कारेल चापेक याने 1920 साली 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिले आणि त्यातून हा शब्द जगभर गेला. शब्द सुचवला त्याचा भाऊ जोसेफ याने. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतावर सक्तीने करावयाचे काम. सरळ मराठीत सांगायचे तर वेठ. आपण या शब्दाला 'यंत्रमानव' असा प्रतिशब्द दिला आणि मूळ शब्दातली वेठ गाळून टाकली. 'यंत्रमानव' म्हटले की प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते. 'वेठबिगार' म्हटले असते तर माणूस आला असता. ही गळती सहज झाली असेल, पण तिचे परिणाम सहज नाहीत. शास्त्रज्ञाने घडवलेल्या आज्ञाधारक वीराच्या ज्या चित्रकथा आपल्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या, त्या या गळतीवरच उभ्या आहेत.

कॉमिकसारख्या 'हलक्या' वाङ्मयावर समीक्षा कशाला, असे प्रस्थापित समीक्षक विचारतील. त्यांच्या घरात पुस्तकांची कपाटे होती. आलापल्ली, अहेरी, एटापल्लीकडच्या अनेक घरांत पाठ्यपुस्तकाखेरीज जे पहिले पुस्तक शिरले ते भाड्याने आणलेले, कोपरे दुमडलेले कॉमिक होते. बहुधा ते हिंदी असे. टाइम्स समूहाने 1964 साली 'इंद्रजाल' सुरू केले, त्याच्या मराठी आवृत्त्याही निघत. त्यात वेताळ आणि मँड्रेक परदेशातून आले. 1976 साली आबिद सुरती यांचा 'बहादूर' आला. 1990 साली 'इंद्रजाल' बंद पडले तोवर बाजार दिल्लीच्या हिंदी कॉमिक्सनी व्यापला होता. पहिल्या पिढीच्या वाचकाची कल्पनाशक्ती ज्याने घडवली, त्या वाङ्मयाला हलके म्हणून सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही.

यांपैकी दोन नायक आपण तपासू.

पहिला नागराज. राज कॉमिक्सने तो 1986 साली आणला. लेखन परशुराम शर्मा यांचे होते आणि चित्रे पुण्याचे प्रताप मुळीक यांची. तेव्हा या नायकाच्या देहाला मराठी हाताने आकार दिला आहे. नागराज लोखंडाचा नाही, परंतु चापेकचे रोबोटही लोखंडाचे नव्हते. तेही रसायनांतून घडवलेले, रक्तामांसासारख्या द्रव्याचे होते. त्या अर्थाने नागराज हा अस्सल रोबोट आहे. प्रोफेसर नागमणी त्याला हत्यार म्हणून तयार करतो, त्याच्या डोक्यात कॅप्सूल बसवून त्याची इच्छा ताब्यात घेतो आणि गुन्हेगारांपुढे त्याचा लिलाव मांडतो. मुलांच्या पुस्तकात माणूस विकायला काढलेला दाखवला आहे, ही लहान गोष्ट नव्हे. गुलामाची व्याख्याच तिथे चित्रात आली आहे: अंगात बळ आहे, पण त्या बळावर मालकी दुसऱ्याची आहे.

परंतु हा प्रश्न उभा करताच कथा त्यापासून पळ काढते. नागराज आपले बंधन स्वतः ओळखत नाही आणि तोडतही नाही. बाबा गोरखनाथ त्याच्या डोक्यातली कॅप्सूल काढतात आणि तो मोकळा होतो. नाथपंथाने वर्णाचा अहंकार फारसा मानला नाही हे खरे. पण कथेत गोरखनाथ येतात ते उद्धारकर्ता गुरू म्हणून. गुलामाची मुक्ती ही कोणाची तरी कृपा ठरते. मुक्त झाल्यावर नागराज वाईटांशी लढत जगभर फिरतो. माणसाला घडवून विकणारी व्यवस्था मात्र एका दुष्ट प्रोफेसरापुरती आकसते. प्रोफेसर वाईट होता एवढेच वाचकाच्या मनावर ठसते. लिलाव का भरतो आणि बोली लावणारे कोण, हे विचारायला कथा थांबत नाही.

दुसरा नायक इन्स्पेक्टर स्टील. हा नव्वदच्या दशकातला. प्राणघातक जखमी झालेला पोलीस अधिकारी अमर. त्याचा शास्त्रज्ञ मित्र अनीस त्याचा मेंदू वाचवतो आणि बाकी देह पोलादाचा करतो. 1987 सालच्या 'रोबोकॉप' या अमेरिकन चित्रपटाची छाया उघड दिसते. पण उसनवारीत काय घेतले आणि काय टाकले हे पाहणे उद्बोधक ठरते. अमेरिकन कथेत पोलिसाचा देह एका कंपनीच्या मालकीचा होतो आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांवर हात उचलता येऊ नये अशी गुप्त आज्ञा त्याच्यात भरलेली असते. मालकीचा प्रश्न तिथे शिल्लक आहे. आपल्याकडे कंपनीच्या जागी मित्र आला, मालकीच्या जागी मैत्री आली आणि आज्ञापालन हे 'कर्तव्य' होऊन बसले. हे पोलादी शरीर थकत नाही, भुकेजत नाही, सुट्टी मागत नाही, पगार विचारीत नाही. सेवा आहे आणि मोबदला नाही, हाच त्याचा मोठेपणा मानला आहे.

सेवा आणि मोबदला यांची ही ताटातूट आपल्या समाजाला नवी नाही. महार वतनाचे स्वरूप काय होते? कामाचे तास ठरलेले नव्हते. रात्री-अपरात्री हुकूम आला की निघावे लागे. वतनदार हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाने जावे लागे. बदल्यात तुटपुंजी जमीन आणि बलुते. या वतनाच्या कायद्यात सुधारणा करण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. वतने कायद्याने संपायला त्यानंतर तीस वर्षे जावी लागली. राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने बिगार निषिद्ध केली. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आला 1976 साली. 1982 साली, ज्या वर्षी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी, आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेले काम हेही सक्तीचेच काम. गरजेपोटी माणूस 'राजी' होतो, म्हणून ती वेठ नाही असे म्हणता येत नाही.

आमच्या भागात हे पुस्तकी ज्ञान नाही. जुन्या मध्य प्रांतात वनखात्याच्या जमिनीवर राहू देण्याच्या बदल्यात खात्याला मजूर लागेल तेव्हा हजर राहण्याची अट वनगावांवर असे. आलापल्लीच्या सागाची कीर्ती दूरवर आहे. येथील 'वनवैभवा'ला 2014 साली जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला. कमलापूरच्या ज्या हत्तींनी एके काळी ओंडके ओढले त्यांना नावे आहेत, आज लोक त्यांना पाहायला जातात. ज्या माडिया-गोंड आणि दलित मजुरांनी ती झाडे तोडली, सोलली, वाहिली, त्यांची नावे मात्र कोणत्याही फलकावर नाहीत. रोबोटलाही नाव नसते, क्रमांक असतो.

आता चापेककडे पुन्हा वळू. त्याच्या नाटकात रोबोट बंड करतात आणि माणसांना संपवतात. ते एकालाच जिवंत ठेवतात: अल्क्विस्ट नावाच्या बांधकाम करणाऱ्याला. कारण तो त्यांच्यासारखाच हातांनी काम करतो. श्रमाची ओळख श्रमाला पटते, हा त्या नाटकाचा गाभा आहे. आपल्या कॉमिकमध्ये बंड आहे, पण ते नेहमी खलनायकाचे यंत्र करते. नायकाने बंड केलेच तर त्याच्यात 'बिघाड' झालेला असतो आणि शास्त्रज्ञ तो दुरुस्त करतो. विद्रोह म्हणजे बिघाड! शाळेत 'आगाऊ' ठरलेल्या आपल्या प्रत्येक मुलाने ही भाषा ऐकलेली आहे.

म्हणजे यंत्रच आपले शत्रू काय? बाबासाहेबांनी याचे उत्तर 1945 सालीच दिले आहे. काँग्रेस आणि गांधींवरील आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, फुरसतीशिवाय पशुपातळीवरचे जिणे सुटत नाही आणि संस्कृती उभी राहत नाही. दोष यंत्राचा नसून यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे, अशी त्यांची मांडणी होती. चरख्याचे गोडवे गाणाऱ्यांच्या खांद्यावर डोक्याएवढा भार कधी नव्हता. यंत्राची वाट सर्वांत अधिक कोणी पाहिली असेल तर ती मैला वाहणाऱ्याने.

या कसोटीवर आपले पोलादी नायक लावून पाहा. ते बँकेचे दरोडे अडवतात, परग्रहावरच्या राक्षसांशी झुंजतात. मी वाचलेल्या एकाही कॉमिकमध्ये कोणी गटारात उतरलेला नाही. विषारी वायूने न मरणारे शरीर ज्याच्यापाशी आहे, त्याला हे काम चित्रकाराने कधी दिले नाही, कारण ते काम कोणाचे हे चित्रकाराच्या समाजात आधीच ठरलेले होते. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध 1993 साली कायदा झाला, 2013 साली दुसरा झाला. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला 10 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. 2023 साली ती रक्कम 30 लाख केली. भरपाई वाढली याचा अर्थ मरणे थांबले नव्हते. केरळातल्या तरुण अभियंत्यांनी 'बँडिकूट' नावाचा मॅनहोल साफ करणारा रोबोट केला आणि 2018 साली तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. त्याला कोळ्यासारखे पाय आहेत. छातीवर बोधचिन्ह नाही, उडणारा अंगरखा नाही. भारतीय रोबोटकथेचा खरा नायक हा आहे; पण त्याचे कॉमिक अजून कोणी काढलेले नाही.

चित्रकथेचे माध्यम हे करू शकत नाही असे नाही. 1979 साली अमर चित्रकथेने बाबासाहेबांवर पुस्तक काढले, त्याची चित्रे दिलीप कदम यांनी काढली. त्या मालिकेच्या एकूण दृष्टीविषयी आपले मतभेद तीव्र आहेत, राहतीलही. तरी त्या पुस्तकातला नायक कोणी प्रयोगशाळेत घडवलेला नव्हता. त्याच्या डोक्यातली कॅप्सूल कोणा बाबाने काढली नाही. तो शिकला, त्याने माणसे संघटित केली आणि कायदा लिहिला. पोलादी देहापेक्षा ही शक्ती मोठी आहे, हे मुलाला चित्रातूनही कळते.

गेल्या काही वर्षांत सुरजागडच्या डोंगरातले लोहखनिज भरलेले ट्रक आलापल्लीवरून गेले. पोलाद आपल्याच भागातून निघते. त्याचा यंत्रमानव झाला तर तो कोणाचे काम हलके करील, त्याच्यामुळे कोणाचा रोजगार जाईल, आणि वाचलेल्या श्रमाची फुरसत कोणाच्या वाट्याला येईल, हे प्रश्न कॉमिकवाल्यांनी विचारले नाहीत. शिक्षकांनी ते वर्गात विचारले पाहिजेत. जुने कॉमिक मुलांच्या हातून काढून घेऊ नका. ते वाचू द्या आणि मग विचारा: याचा मालक कोण? याला मजुरी किती? याने 'नाही' म्हटले तर काय होईल? ज्या मुलामुलींना चित्रे काढता येतात त्यांनी पुढचे पान स्वतः काढावे. त्यातल्या यंत्राने गटारात उतरावे, ओंडका उचलावा, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला नाव असावे.