आकामापिच्त्लीचे घराणे : वंशावळीची साक्ष

तेनोच्तित्लान या अ‍ॅझटेक नगराचा पहिला राजा आकामापिच्त्ली हा चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात गादीवर आला. त्याच्या नावाचा अर्थ ‘मूठभर बोरू’ असा होतो. त्याच्या कुटुंबाविषयीची साधने मात्र परस्परविरोधी आहेत. इलान्क्वेइत्ल ही कुल्वाकानच्या राजकुळाशी संबंधित स्त्री काही वृत्तांतांत त्याची पत्नी, तर काहींत त्याला वाढविणारी माता आहे. १५८१ मध्ये आपला इतिहास पूर्ण करणाऱ्या दिएगो दुरानच्या मते ती निपुत्रिक पत्नी होती. सवतींची मुले आपल्याच पोटची मानली जावीत, अशी विनवणी तिने केली होती.

सूझन गिलेस्पी यांनी ‘दि अ‍ॅझटेक किंग्ज’ (१९८९) या ग्रंथात अशा विसंगतींना लेखनदोष मानले नाही. राजाला कुलीनत्व देणारी स्त्री माता व पत्नी या दोन्ही रूपांत वावरते. या परंपरेची घडणही बव्हंशी १५२१ च्या स्पॅनिश विजयानंतरची होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. विरोधी पाठांतून एकच ‘खरा’ पाठ निवडण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा हे विवेचन निश्चितच अधिक मर्मग्राही आहे.

तथापि त्याची मर्यादा इत्स्कोआत्लच्या बाबतीत दिसून येते. आकामापिच्त्लीचा हा पुत्र दासीपासून झालेला, असे साधने सांगतात. पुढे तोच राजा झाला. त्याच्याच काळात जुन्या इतिहासपोथ्या जाळल्या गेल्या, असे साहागुनच्या ग्रंथात नमूद आहे. वंशावळ केवळ सत्तेच्या सोयीने रचली गेली असती, तर जुने लेख नष्ट करणाऱ्याच्या राजवटीनंतरही त्याच्या मातेचे दासीपण का टिकून राहिले? ही हीनताही प्रतीकात्मक आहे, असे उत्तर देता येईल. परंतु कुलीनता आणि हीनता ही दोन्ही प्रतीकेच ठरली, तर सिद्धान्त खोटा ठरण्यास वावच उरत नाही. आणि ज्यास खोटे ठरण्याची भीती नाही, त्याचे प्रामाण्यही दुबळे असते.

म्हणून येथे दोन गोष्टी वेगळ्या करणे अगत्याचे आहे. इलान्क्वेइत्लचे नाते पाठागणिक बदलते. ते अर्थाच्या अंगाने वाचावे. कुल्वाकानशी जोडलेला संबंध मात्र या भिन्न पाठांतही सुटत नाही. तेनोच्तित्लानच्या मेशिका लोकांना प्रतिष्ठेसाठी त्या जुन्या नगराचा आधार हवा होता, एवढे इतिहास म्हणून स्वीकारण्यास हरकत नाही. प्रतीक आढळले म्हणून व्यक्ती नव्हतीच, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.