चिंच, मीठ आणि शिवराई

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, कोठेही शालेय विज्ञान प्रदर्शनात जा, एका टेबलावर चिंच-मिठाचा प्रयोग असतोच. काळपट तांब्याचे नाणे कोळात बुडवायचे. दोन-चार मिनिटांत ते लख्ख होते. शेजारच्या पुठ्ठ्यावर लिहिलेले असते, 'आम्लामुळे मळ निघून जातो.'

प्रयोग स्वस्त, सोपा आणि देखणा आहे. आक्षेप आहे तो 'मळ' या शब्दाला. तो काळपट थर बाहेरून येऊन चिकटलेला नसतो. नाण्याच्याच तांब्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन तो बनतो. आम्लात तो विरघळतो, म्हणजे नाण्याचाच पापुद्रा जातो. खात्री करायची असेल तर नाण्याऐवजी काळवंडलेल्या तांब्याच्या तारेचे बरेचसे तुकडे मीठ घातलेल्या लिंबाच्या रसात ठेवा. तुकडे काढून त्याच रसात पॉलिशपेपरने घासलेला लोखंडी खिळा रात्रभर बुडवा. खिळ्यावर तांबूस छटा चढते. हे तांबे आले कोठून? प्रयोगातला खरा प्रश्न हा, आणि पुठ्ठ्यावर नेमका तोच नसतो!

आज चलनातील एक-दोन रुपयांची नाणी पोलादी आहेत. म्हणून मुलांना घरातले जुने नाणे आणायला सांगतात. मग येतो 1943 ते 1947 मधला भोकाचा पैसा, आणि क्वचित शिवराई. 1674 च्या राज्याभिषेकाशी नाते सांगणारे हे नाणे. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसरीस 'छत्रपति'. पुढे पेशवाईतही शिवराया पाडल्या गेल्या. कोणती कोणत्या काळातली हे ठरवताना अभ्यासक अक्षरांची वळणे पाहतात, आणि अक्षरे आधीच झिजलेली असतात. त्यावर आम्ल घालणे म्हणजे पुरावाच पुसणे. शिवाय मिठातले क्लोराइड मागे राहिले, तर मुंबईच्या दमट हवेत नाणे पुन्हा, आणि अधिक वेगाने, गंजते. (देव्हाऱ्यातले नाणे सणाला उजळतात त्याची गोष्ट निराळी, तिथे लखलखाटालाच मान असतो.)

चांदीच्या रुपयाचे थोडे वेगळे आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठेवून गरम सोड्याच्या पाण्यात बुडवल्यास काळ्या सल्फाइडची पुन्हा चांदी होते. धातू फारसा जात नाही. पण पृष्ठभाग निस्तेज होतो, आणि संग्राहकाला असे धुतलेले नाणे लगेच ओळखू येते.

तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर मात्र थांबून चालत नाही. ते क्लोराइडचे काम असते, आणि ते आत पोखरत जाते. असे नाणे कोरड्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत वेगळे ठेवावे आणि फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात विचारावे.