‘क्षयेतर’ : एका रोगनामाची आणि त्याच्या संकेतांकाची चिकित्सा

क्षयाचा जंतू आणि कुष्ठाचा जंतू हे ‘मायकोबॅक्टेरियम’ या एकाच कुळातील होत. या कुळात त्यांखेरीज दीडशेहून अधिक जाती असून त्यांपैकी बहुतेकांचे मूळ निवासस्थान पाणी व माती हे आहे. त्यांतील काही जाती माणसाच्या फुप्फुसात, त्वचेत किंवा ग्रंथींत रोग उत्पन्न करतात. या सर्वांस आज ‘नॉनट्युबर्क्युलस’ म्हणतात आणि मराठीत त्यासाठी ‘क्षयेतर’ हा शब्द योजता येतो. या शब्दाचे आणि त्याच्या आधारे होणाऱ्या रोगनोंदीचे परीक्षण करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. निषेधाचे दोन प्रकार आपल्या वैयाकरणांनी मानले आहेत. ‘प्रसज्यप्रतिषेधा’त वस्तूचा केवळ अभाव सांगितला जातो, ‘पर्युदासा’त वस्तूहून भिन्न, परंतु तिच्यासारखेच असे काही सुचविले जाते. ‘क्षयेतर’ हा रचनेने नञ् समास नसला तरी अर्थाने तो पर्युदासच आहे. ‘क्षय नाही’ असे तो सांगत नाही. ‘क्षयासारखे, पण क्षयाहून निराळे’ असे तो सांगतो. पुढे दिसून येईल की नोंदवहीतील घोटाळा नेमका या दोन निषेधांच्या सरमिसळीतून उद्भवतो.

शब्दाच्या व्युत्पत्त्यर्थाने पाहिल्यास कुष्ठाचा जंतूही क्षयेतरच ठरावा. तथापि तो या वर्गात गणला जात नाही. ज्या वर्धा जिल्ह्यात १९३६ साली मनोहर दिवाण यांनी दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे कार्य आरंभिले, तेथील वाचकास हे वेगळे सांगावयास नको. म्हणजे हा शब्द यौगिक नसून योगरूढ आहे. शिवाय युरोपीय नाव ऊतींतील लहान गाठीवरून पडले आहे, तर मराठी नाव रोग्याच्या झिजण्यावरून. फुप्फुसाचा क्षयेतर रोग झालेला मनुष्यही झिजतो, त्याचेही वजन घटते. युरोपीय नावात नसलेला विरोधाभास मराठी नावात शिरतो तो असा. ‘अक्षयजन्य’ हा पर्याय तर सर्वथा त्याज्य होय, कारण ‘अक्षय’ म्हणजे अविनाशी.

पूर्वी रूढ असलेले ‘अ‍ॅटिपिकल’, म्हणजे नमुन्याबाहेरचे, हे नावही समाधानकारक नव्हते. कुळातील बहुसंख्य जातींना अपवाद ठरवून एका जातीला नमुना मानणे हे वर्णन नव्हे, तो दृष्टिकोन आहे. १९५९ मध्ये रनियन यांनी रंगद्रव्य व वाढीचा वेग यांवरून या जंतूंचे चार गट पाडले. नकारापेक्षा गुणधर्मावर आधारलेली ही मांडणी तत्त्वतः अधिक निर्दोष होती.

आता संकेतांकांकडे वळू. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत क्षयास ‘ए १५’ ते ‘ए १९’, कुष्ठास ‘ए ३०’ आणि ‘इतर मायकोबॅक्टेरियांच्या संसर्गास’ ‘ए ३१’ हे अंक आहेत. ‘इतर’ या शब्दास स्वतःचा अर्थ नाही. यादीत आधी काय येऊन गेले यावर तो अवलंबून असतो. त्याचे पोटविभाग फुप्फुस (‘ए ३१.०’), त्वचा (‘ए ३१.१’) असे अवयवांवरून पाडले आहेत, त्यामुळे एव्हियम, कॅन्सासी यांसारख्या जातींचा भेद अंकात उरत नाही. उपचार मात्र जातीनुसार बदलतो. जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत ‘इतर’च्या जागी ‘क्षयेतर’ हेच नाव आले असून त्याचा अंक ‘१ बी २१’ आहे. ही सुधारणा खरी. पण निषेध कायमच राहिला.

या चर्चेचे व्यावहारिक मोल काय? सेलू तालुक्यातील हिंगणीचा एखादा शेतकरी दीर्घकाळच्या खोकल्यासाठी सेवाग्रामला जातो, अशी कल्पना करा. झील-नील्सन पद्धतीने बेडका तपासता लाल दंडाणू दिसतात. परंतु ही पद्धत क्षय व क्षयेतर यांत भेद करू शकत नाही. जनुकीय चाचणी केवळ क्षयगटाचाच जंतू ओळखते, म्हणून ती नकारार्थी येते. हा नकार प्रसज्य आहे : क्षयजंतू आढळला नाही, एवढेच तो म्हणतो. त्यावरून ‘रोग नाही’ असे लिहिले तर रोगी उपचाराविना राहतो. दंडाणू दिसले म्हणून ‘क्षय’ लिहिला तर क्षयाची औषधे सुरू होतात, ती पुरेशी लागू पडत नाहीत, आणि पुढे त्याच्यावर औषधप्रतिरोधी क्षयाचा संशय घेतला जातो. भारतात २०१२ पासून क्षयाची नोंद शासनास कळविणे बंधनकारक आहे, आणि पोषणाचे मासिक अर्थसाहाय्यही क्षयरोगी म्हणून नोंद झालेल्यासच मिळते. केसपेपरवरील एका शब्दाने इतके बदलते.

उलट बाजूचा दोषही तितकाच गंभीर आहे. सेवाग्राम येथील नारंग, नारंग व मेंदीरत्ता यांनी २००९ मध्ये मध्य भारतातील पाणी व माती यांतून हे जंतू वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. जे पाण्यात आहे ते बेडक्याच्या नमुन्यातही सहज येऊ शकते. म्हणूनच अमेरिकेतील तज्ज्ञसंस्थांनी २००७ मध्ये घातलेल्या आणि २०२० मध्ये कायम ठेवलेल्या निकषांत लक्षणे, क्ष-किरणचित्रातील बदल आणि सामान्यतः बेडक्याच्या किमान दोन स्वतंत्र नमुन्यांत जंतूची वाढ या सर्वांची अपेक्षा आहे. ‘जंतू आढळला’ आणि ‘रोग झाला’ ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिल्यावरून ‘ए ३१.०’ हा अंक देणे म्हणजे निरीक्षणास निदान समजणे होय. एव्हियम गटाचा उपचार नमुने जंतुरहित झाल्यावरही किमान १२ महिने चालवावा लागतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या क्रियापदांचे महत्त्व पटेल.

तात्पर्य, ‘क्षयेतर’ हा शब्द वर्गनाम म्हणून स्वीकारण्यास हरकत नाही. रोगनाम म्हणून तो अपुरा आहे. नोंदीत जंतूची जात, नमुना कोठला, तो किती वेळा आढळला आणि वैद्याचा निर्णय काय, या चार गोष्टी स्वतंत्र वाक्यांत असाव्यात. ‘आढळले’, ‘संशय आहे’, ‘निश्चित झाले’ आणि ‘वगळले’ या चार क्रियापदांचा अदलाबदलीने उपयोग करू नये. संकेतांक देणारा लिपिक रोग्यास पाहत नाही, तो वाक्य पाहतो. ते वाक्य निःसंदिग्ध करण्याच्या कामी भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्ष घालावे, अशी अपेक्षा आहे.