'टु बी' आणि 'राहणे' : अनुवादातील एका समीकरणाची चिकित्सा

इंग्रजीतील 'टु बी' हे अगदी नित्याचे क्रियापद होय. त्याचा मराठी प्रतिशब्द 'असणे' असा शिकविला जातो व अनुवादातही बहुधा तोच योजिला जातो. या सोयीच्या समीकरणामुळे त्या क्रियापदाचा अर्थ एकच आहे, असा भास होतो. तो किती फसवा आहे हे पोर्तुगीज अनुवादावरून कळते. आणि घरचाच दाखला हवा असेल तर तो वर्धा जिल्ह्याच्या बोलीत सापडतो.

पोर्तुगीजमध्ये अनुवादकाला प्रथम निवड करावी लागते. मनुष्य स्वभावतःच आनंदी असेल तर 'सेर', आज आनंदात असेल तर 'इश्तार', आणि एखादे गाव कोठे आहे हे सांगावयाचे असेल तर बहुधा 'फिकार'. यांपैकी 'इश्तार' हे 'उभे राहणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आले. 'फिकार'चा तर 'मागे राहणे' असाही अर्थ आहे. म्हणजे 'राहणे' व 'असणे' यांचे नाते तेथे जुनेच आहे.

वर्धा, हिंगणघाट, आर्वी या भागांत 'बाई पाणी भरून राहिली' असे म्हणतात. त्याचा अर्थ 'बाई पाणी भरत आहे'. पुण्याकडील वाचक मात्र 'भरून' हे पूर्वकालवाचक समजतो; त्याच्या लेखी पाणी भरून झाले आणि बाई तेथेच थांबली. शिवाय प्रमाण मराठीत 'काम राहिले' म्हणजे काम झालेच नाही. अशा समजुतीने वैदर्भी कथेचा इंग्रजी अनुवाद केल्यास चालू क्रिया संपलेली दिसते व प्रसंगाचा काळच बिघडतो.

हा प्रयोग हिंदीच्या अनुकरणाने शिरलेली अशुद्धी होय, असा आक्षेप घेतला जातो. १९५६पर्यंत वर्धा जिल्हा हिंदी-मराठी अशा द्विभाषिक प्रांतात होता; तेव्हा हिंदीचा संपर्क नाकारण्याचे कारण नाही. परंतु संपर्क म्हणजे नक्कल नव्हे. हिंदीत मूळ धातूपुढे 'रहा' येते आणि वर्तमानकाळासाठी सामान्यतः 'है' लागते. या बोलीत 'ऊन'-प्रत्ययान्त रूप येते व 'आहे'वाचूनही वाक्य पूर्ण होते. हा साचा प्रमाण मराठीलाही परका नाही. 'खोलीत सुगंध भरून राहिला', 'चोर दडून राहिला' ही वाक्ये कोणी अशुद्ध मानीत नाही. तेथे अवस्था टिकून राहते; वर्ध्याच्या बोलीने तेच टिकणे क्रियेलाही लागू केले, इतकेच. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्येही चालू क्रिया धातुसाधिताच्या आधी 'इश्तार' जोडूनच सांगतात. स्थितिवाचक क्रियापदाने चालू क्रियेचा भार उचलावा, ही अनेक भाषांतील वाट आहे.

तात्पर्य, 'टु बी'ला एकच प्रतिशब्द शोधणे हा प्रश्नच सदोष आहे. स्वरूप, अवस्था, स्थान व चालू क्रिया यांपैकी काय अभिप्रेत आहे, हे अनुवादकाने आधी ठरविले पाहिजे. वैदर्भी लेखन अनुवादिताना हा विवेक अधिकच आवश्यक ठरतो. कारण तेथे 'राहिला' हे रूप भूतकाळाचे दिसले तरी क्रिया डोळ्यांपुढे चालू असते. ज्या रूपाला अशुद्ध म्हणून बाजूस सारले जाते, त्यातच वाक्याचा काळ साठविलेला असतो.