फोमच्या किल्ल्याचा चौथा कोपरा

खेळण्यांतलीं सैन्यें टेबलावर मांडून नियमांनीं लढाई खेळण्याचा छंद इंग्लंडांत चांगलाच रुजलेला आहे. एच. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं ‘लिटल वॉर्स’ या छोटेखानी पुस्तकांत त्याचे नियम बांधून दिले आणि खऱ्या युद्धाच्या मूर्खपणावर तेथेंच कोरडेही ओढले. दुसऱ्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. आतां या खेळासाठीं फोमचे किल्ले बांधणें ही एक स्वतंत्र कारागिरी होऊन बसली आहे. पोरखेळाची समीक्षा कसली, म्हणून नाक मुरडणाऱ्यांना आम्ही स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रॅम शँडी’तील टोबीकाकांची आठवण देतों. नामूरच्या वेढ्यांत ते जखमी झाले. पण ती जखम नेमकी कोणत्या जागीं झाली हें भेटीस येणाऱ्यांना त्यांना कांहीं केल्या समजावून सांगतां येईना. म्हणून आधीं नकाशा आला आणि मग हिरवळीवर मातीचे तट उभे राहिले. समजावें म्हणून केलेली प्रतिकृति ती! हीच कसोटी आम्ही फोमच्या किल्ल्यांना लावूं इच्छितों.

पाश्चात्य देशांत घराच्या भिंतींतून उष्णता जाऊं नये म्हणून एक दाट फोम वापरतात. त्याचे गुलाबी किंवा निळे तक्ते मिळतात. आपल्याकडचा थर्मोकोल त्याचाच भाऊबंद. पण थर्मोकोलचे मणी सुटतात आणि कड टिकत नाहीं. हा मात्र धारदार सुरीनें स्वच्छ कापला जातो, आणि पेन्सिलीचें टोंक दाबून ओढलें कीं त्यावर दगडांचे सांधे उमटतात. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा चुरगळलेला गोळा वरून दाबीत नेला म्हणजे दगडाला खडबडीतपणा येतो. मग काळ्या रंगांत गोंद कालवून त्याचा हात द्यावयाचा. त्यानें पृष्ठभाग टणक होतो. (फवाऱ्याचा रंग थेट मारावा, तर त्यांतील द्रावक पुष्कळदां फोमच खाऊन टाकतो.) शेवटीं करडा रंग जवळजवळ पुसून टाकलेला कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवितात, आणि बघतां बघतां फोमचा पाषाण होतो. याचें आम्हांला कौतुक वाटतें.

परंतु बहुतेक कारागीर फसतात ते येथेंच. एकेका दगडाला चार चार छटा, वर शेवाळ, तडे, वेली. किल्ला शिबंदीनें भरलेला, पण भिंती शतकानुशतकें ओस पडल्यासारख्या! बुरूज तटाच्या रेषेबाहेर आलेलेच नसतात. तेव्हां पायथ्याशीं भिडलेल्या शत्रूवर बाजूनें बाण टाकावयाचा कोठून? जंग्या असतात, पण त्यांच्यामागें तिरंदाजानें उभें राहावें एवढी जमीन नसते. अलंकारांनीं लडबडलेल्या अर्थशून्य कवितेचीच ही जात.

खऱ्या परीक्षेस उतरावयाचें असेल त्यानें केंटमधील रॉचेस्टरचा बालेकिल्ला करून पाहावा. १२१५ सालीं जॉन राजानें बंडखोर सरदारांनीं धरलेल्या या किल्ल्यास सुमारें सात आठवडे वेढा घातला. दगडफेकीनें काम होईना, तेव्हां त्यानें बालेकिल्ल्याच्या एका कोपऱ्याखालीं भुयार खणविलें, त्यास लांकडी टेकू दिले, आणि खाण्याच्या उपयोगी नसलेलीं पण चांगलीं लठ्ठ अशीं चाळीस डुकरें मागवून त्यांच्या चरबीनें ते टेकू पेटविले. कोपरा ढांसळला. तरी आंतले लोक मधल्या आडव्या भिंतीमागें हटून लढतच राहिले. त्यांना शेवटीं शरण आणलें तें भुकेनें. पुढें डागडुजी झाली तेव्हां तो कोपरा वाटोळा बांधला गेला, आणि आजही तेथें तीन कोपरे चौकोनी व एक गोल दिसतो. म्हणजे १२१५ चा वेढा खेळावयाचा असेल तर चारी कोपरे चौकोनीच हवेत, व त्यांतला एक ढांसळूं शकेल असा सुटा हवा. गोल कोपरा शोभेल तो १२६४ च्या खेळांत, सायमन द माँफर्टच्या वेढ्यांत. ज्याला हें ठाऊक नाहीं त्यानें फोटोवरून केलेली हुबेहूब नक्कलही चुकीचीच ठरेल.

आकाराची सबब येथें चालत नाहीं. खेळांतलीं माणसें सुमारें २८ मिलिमीटर उंचीचीं. त्यांच्या मानानें खरी वास्तु साधारण ५६ व्या हिश्शानें लहान करावी लागते. तेव्हां रॉचेस्टरची ११३ फूट उंची दोन फुटांची होते, ७० फुटांची बाजू सव्वा फुटाची आणि १२ फूट जाडीची भिंत अडीच इंचांची. एवढें कोणत्याही टेबलावर मावेल. वेल्समधील कॉनवे शहराचा १.३ किलोमीटरचा तट मात्र त्या मापानें तेवीस मीटर होईल. तेथें संक्षेप हवाच, आणि तो आम्ही खुशाल मान्य करूं. नाटकांतली रात्र आम्ही चार प्रवेशांत संपूं देतोंच कीं.

आमच्याकडे दिवाळींत मुलें दगडमातीचे किल्ले करतात, वर हळीव पेरतात आणि माथ्यावर शिवाजीमहाराजांना बसवितात. त्या किल्ल्याचा हेतु वंदनाचा. त्याला वेढा पडावयाचा नसतो, म्हणून त्याचा एखादा बुरूज भलत्या जागीं असला तरी कोणी बोट ठेवूं नये. खेळाच्या किल्ल्यास ही सवलत नाहीं. त्याच्यासमोर फांसे हातांत घेऊन शत्रु बसलेला असतो. कोपरा पडल्यावर उरलेलीं दहाबारा माणसें खेळणाऱ्याला त्या आडव्या भिंतीमागें न्यावीं लागतात, आणि तिच्यामागें आणखी कोठें हटावयास जागा नाहीं हें त्याला स्वतःच्या डोळ्यांनीं दिसतें. छप्पर उचलतां येईल अशी सोय करून ती भिंत ज्यानें आंत बांधली असेल, त्याच्या बाहेरच्या दगडांवर रंगाचा एकच हात असला तरी आमची तक्रार नाहीं.